हिवाळी स्कॉटलंडचा डोंगर आणि सोबत कुत्रा : एका दिवसाची पूर्ण तयारी

कळसूबाई १६४६ मीटर, आणि अख्ख्या ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेविस १३४५ मीटर. सह्याद्रीत पाय तयार झालेला माणूस नोकरीनिमित्त एडिनबरा किंवा ॲबरडीनला येतो, हे आकडे बघतो आणि त्याला इथले डोंगर किरकोळ वाटतात. जून-जुलैत ते बऱ्याच अंशी खरंही असतं. डिसेंबर ते मार्च मात्र हिशेब बदलतो. केअर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. त्या माथ्याची उंची १२४५ मीटरच आहे. इथे गाठ उंचीशी पडत नाही. ती वारा, ओल आणि तोकडा दिवस यांच्याशी पडते.

त्यात कुत्रा सोबत असला की आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. माणूस दमला की कुरकुरतो, बसतो, "चला परत" म्हणतो. कुत्रा असं काही म्हणत नाही. तुम्ही चालत राहिलात तर तोही चालत राहतो, पंजे फाटले तरी आणि अंग गारठलं तरी. म्हणून परत फिरायचा निर्णय सर्वस्वी तुमचा असतो आणि तो घरून निघण्याआधी ठरलेला हवा. दिवस किती मोठा आखायचा, कोणता उतार घ्यायचा, किती वारा चालवून घ्यायचा, हे सगळं कुत्र्याच्या आवाक्यावरून ठरवायचं. तुमचा आवाका त्याहून मोठा असेल, तर तो दुसऱ्या एखाद्या दिवशी एकट्याने वापरा.

कुत्रा तयार आहे का?

वाढ पूर्ण न झालेलं पिल्लू, सांधे धरलेलं म्हातारं कुत्रं, आणि व्हिपेट किंवा फ्रेंच बुलडॉगसारखी आखूड केसांची किंवा चपट्या नाकाची जात यांना हिवाळी डोंगरावर नेऊ नका. लॅब्रॅडॉर, कॉली आणि दुहेरी केसांच्या इतर जाती थंडी चांगली सोसतात. स्पॅनियल अंगाने काटक असतो, पण त्याच्या पायांच्या आणि पोटाच्या लांब केसांत बर्फाचे गोळे धरतात आणि तो अक्षरशः जागेवर अडकतो. असे केस हिवाळ्याच्या सुरुवातीलाच, विशेषतः पंजांच्या बोटांमधले, कापून घ्यावेत.

आधी शरद ऋतूत बर्फाविना चार-पाच तासांच्या चाली झालेल्या असाव्यात. आज्ञांपैकी दोन पक्क्या हव्यात. पहिली, हाक मारताच परत येणं, समोरून ससा पळत असला तरीही. दुसरी, जिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, "मागे". अरुंद किंवा घसरड्या वाटेवर कुत्र्याने तुमच्या टाचेमागे चालायला हवं. आमची ठकी हे घराच्या जिन्यावर शिकली. रोज खाली उतरताना तिने मागे राहायचं आणि शेवटच्या पायरीवर खाऊ मिळायचा. डोंगरावर या एका सवयीचा जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही महागड्या सामानाचा झालेला नाही.

डोंगर निवडताना

स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी छापली आणि आज त्या यादीत २८२ डोंगर आहेत. यादीतल्या नावांवर खुणा करत जाण्याचा नाद इथे जबर आहे. पहिल्या हिवाळ्यात कुत्र्यासह तो नाद बाजूला ठेवा. एडिनबराजवळच्या पेंटलंड टेकड्या, ऑकिल रांगेतला ७२१ मीटरचा बेन क्लूख, पिटलॉक्रीवरचा ८४१ मीटरचा बेन व्रॅकी, हे डोंगर सुरुवातीला भरपूर आहेत.

या लेखासाठी मी ग्लेनमोरचा म्यॉल अ वूअखिल घेतो, उंची ८१० मीटर. ॲव्हिमोर गावापासून ग्लेनमोर जवळ आहे आणि ॲव्हिमोरला रेल्वे जाते. गाडीत कुत्र्याला तिकीट लागत नाही, पट्टा मात्र हवा. फेरी सुमारे ९ किलोमीटरची, चढ साधारण ५०० मीटर. उन्हाळ्यात साडेतीन तास पुरतात, बर्फात पाच धरा. पहिला अर्धा भाग जंगलातल्या रुंद वाटेचा आहे, मध्यावर निवारा आहे, आणि जवळपास कुठूनही माघार घेता येते. कुत्र्यासोबतच्या हिवाळी डोंगरात मी सगळ्यात आधी हीच गोष्ट बघतो.

आदल्या संध्याकाळी

तीन अंदाज वाचायचे. पहिला डोंगरी हवामानाचा. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस आणि मेट ऑफिस हे दोघंही माथ्याच्या उंचीवरचा वारा आणि गोठणबिंदूची उंची देतात. गावातल्या तापमानावर जाऊ नका. दर शंभर मीटर चढल्यावर पारा साधारण पाऊण ते एक अंशाने उतरतो आणि वारा वाढतो. माथ्यावर ताशी ३५ मैलांपेक्षा जास्त वारा सांगितला असेल, तर कुत्र्याला माथ्यावर न्यायचं नाही, हा माझा नियम. त्या वेगात माणूस कष्टाने का होईना चालतो. पण उडणारा कोरडा बर्फ जमिनीलगत, गुडघ्याच्या उंचीवर सगळ्यात दाट असतो, आणि कुत्र्याचं तोंड नेमकं तिथेच असतं. तुमच्या चेहऱ्याला जो वारा नुसता बोचतो, तोच त्याच्या डोळ्यांत आणि नाकात बर्फाची रेती मारत असतो.

दुसरा अंदाज हिमस्खलनाचा. स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस हिवाळाभर लोखाबर, ग्लेन को, क्रेग मेगी, उत्तर केअर्नगॉर्म, दक्षिण केअर्नगॉर्म आणि टोरिडन या सहा भागांसाठी रोज अंदाज काढते. धोक्याच्या पायऱ्या १ ते ५. आकड्यापेक्षा त्यातलं वर्तुळाकार चित्र जास्त महत्त्वाचं, कारण कोणत्या दिशेच्या आणि कोणत्या उंचीच्या उतारावर वाऱ्याने आणलेला बर्फ साचलाय, हे त्यात कळतं. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. मोकळा कुत्रा तुमच्या वाटेवर राहत नाही, तो वरच्या अंगाच्या साचलेल्या बर्फात शिरतो. त्यामुळे असा उतार डोक्यावर असलेली वाटच टाळलेली बरी.

तिसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरअखेरीला इथे नवाच्या आसपास उजाडतं आणि साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. जानेवारीच्या शेवटी हाच दिवस साधारण साडेआठ ते सव्वाचार होतो. मी पहिल्या खेपेला फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च सुचवेन. तेव्हा बर्फही चांगला बसलेला असतो आणि उजेडही दहा तासांच्या वर असतो.

मग कागदावर परत फिरण्याची वेळ लिहा. नऊला निघाल तर साडेबारा. माथा दोनशे मीटरवर दिसत असला तरी साडेबाराला वळायचं. हा कागद कोणाला तरी पाठवा, मार्ग आणि परतण्याच्या अपेक्षित वेळेसह, आणि खाली उतरल्यावर त्यांना आठवणीने कळवा.

पिशवीत काय

तुमचं सामान नेहमीचं हिवाळी: कडक तळव्याचे बूट, जलरोधक कपडे, जास्तीचं उबदार जाकीट, दोन जोड हातमोजे, नकाशा आणि होकायंत्र, डोक्याला बांधायचे दोन दिवे, थर्मास, शिट्टी. आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धारदार काटे) यांविषयी पुढे बोलतो. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. या भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा लँडरेंजर ३६ क्रमांकाचा नकाशा चालतो.

कुत्र्यासाठी पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. गळपट्ट्याने ओढून कुत्रा वर घेता येत नाही, गळा आवळतो. अंगावरचं जाकीट पोटाखालूनही झाकणारं हवं, कारण ओलं पोट हीच थंडी शिरायची मुख्य वाट आहे. निघण्यापूर्वी पंजांना मेण चोळायचं, त्याने गोळे धरणं कमी होतं. त्याच्या पंजांचे बूट दोन तरी जास्तीचे ठेवा, खोल बर्फात ते निघून हरवतात. बूट घालून चालायची सवय मात्र आधीच घरात करून घ्या. गळ्यात बारीक दिवा. बसायला फोमची चटई, आणि सगळ्यांत वर बोथी बॅग. हा चार-पाच जणांना डोक्यावरून ओढून घेता येणारा हलका कापडी निवारा आहे. आत दोन माणसं आणि एक कुत्रा बसले की काही मिनिटांत ऊब तयार होते.

खाण्याबाबत जरा सांभाळा. डोंगरावरच्या आपल्या खाऊत कुत्र्यासाठी विषारी अशा बऱ्याच गोष्टी असतात: चॉकलेट, मनुका-बेदाणे, आणि बिनसाखरेच्या गोळ्यांमधलं झायलिटॉल. मराठी घरातून निघालेल्या डब्यात बेदाणे घातलेले लाडू किंवा चिवडा हमखास असतो, तो डबा कुत्र्याच्या तोंडापासून लांब. त्याचं नेहमीचं खाणं रोजच्यापेक्षा जास्त घ्या आणि थोडं थोडं, वारंवार द्या. बर्फ चाटून त्याची तहान भागेल असं समजू नका. थर्मासमधलं कोमट पाणी घडीच्या वाडग्यात द्या. प्रथमोपचारात चिकटपट्टी न लागणारं, स्वतःलाच धरून राहणारं बँडेज, चिमटा, खारं पाणी आणि पंज्यावर चढवायला एक जुना मोजा. आपल्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, कुत्र्याला कधीही द्यायच्या नाहीत.

ग्लेनमोर ते रायव्होअन

वाट ग्लेनमोरहून, राष्ट्रीय डोंगर-प्रशिक्षण केंद्र असलेल्या ग्लेनमोर लॉजवरून, रायव्होअन खिंडीकडे जाते. या जंगलात पट्टा सोडायचा नाही, आणि त्याला कारणं आहेत. इथल्या जुन्या पाइन वनात कॅपरकेली नावाचा मोठा रानकोंबडा राहतो आणि स्कॉटलंडमध्ये त्याची संख्या फार घटली आहे. हिवाळ्यात तो पाइनच्या सुयांवर तग धरतो. त्या खाण्यात सत्त्व कमी, त्यामुळे कुत्रा मागे लागून एकदा उडावं लागलं तरी त्याची साठवलेली ताकद वाया जाते. शिवाय १९५२ पासून या डोंगरांवर रेनडिअरचा कळप मोकळा चरतो. हे प्राणी माणसाला बुजत नाहीत, कुत्र्याला मात्र बुजतात.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जवळपास सगळ्या डोंगरांवर चालायचा हक्क सर्वांना आहे. फार मोठी देणगी आहे ही, आणि ती जबाबदारीने वागण्याच्या अटीवर आहे. कुत्रा पूर्ण ताब्यात हवा. मेंढ्यांमागे कुत्रा सोडल्यास २०२१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हिवाळ्यात मेंढ्या गाभण असतात, नुसत्या धावपळीनेही गर्भ पडतो. हरणींच्या शिकारीचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असतो, त्या काळात वाटेवर लावलेल्या सूचना वाचून पुढे जा. विष्ठा पिशवीत भरून परत आणायची. झाडाला पिशवी अडकवून "येताना घेऊ" म्हणायचं नाही.

सुमारे अडीच किलोमीटरवर अन लॉखन उआन्य हा हिरव्या पाण्याचा छोटा तलाव लागतो. गोठलेला असेल तर पट्टा आणखी आखूड करा. कुत्रा बर्फावर धावत जातो, बर्फ फुटतो, मालक त्याच्यामागे उडी घेतो आणि मालकच बुडतो, अशा घटना ब्रिटनमध्ये पुन्हा पुन्हा होतात. कुत्रा पाण्यात पडला तर काठावरून हाका मारा, ९९९ लावा, पण स्वतः बर्फावर पाय ठेवू नका. ग्लेनमोरजवळच्या लॉख मॉर्लिख या मोठ्या तलावालाही हेच लागू.

थोडं पुढे रायव्होअन बोथी आहे. बोथी म्हणजे डोंगरातलं कुलूप नसलेलं दगडी घर, कोणीही आसऱ्याला थांबावं असं. माउंटन बोथीज असोसिएशन ही १९६५ पासूनची संस्था अशी घरं सांभाळते. इथे दहा मिनिटं थांबा. प्रत्येक पंजा उचलून बोटांमधले गोळे काढा, खाऊ-पाणी द्या, कान आणि पोट हाताने तपासा. कुत्रा आधीच ओला किंवा सुस्त वाटला, तर आल्या वाटेने परत. बोथीपर्यंतची चालही पूर्ण दिवसासारखीच समाधानाची आहे.

चढ आणि माथा

बोथीमागून वाट सरळ चढते, जवळपास ४०० मीटर. काही टप्प्यांत दगड बसवलेले आहेत आणि त्यांच्यावर बर्फाचा काचेसारखा थर असू शकतो. वर पांढऱ्या रंगातले डोंगरी ससे दिसण्याची शक्यता असते, म्हणून पट्टा हातातच ठेवा. हातात म्हणतोय. कमरेला बांधलेला पट्टा सपाट वाटेवर सोयीचा. तीव्र उतारावर कुत्र्याने एक झटका दिला की तुम्ही दोघं एकत्र घसरता.

आता आइस ॲक्स आणि क्रॅम्पॉन. कडक बर्फ असेल तर ती हवीतच, आणि वापरायचं शिक्षण आधी घेतलेलं हवं. ग्लेनमोर लॉजमध्ये असे वर्ग चालतात. सराव कुत्र्याशिवाय करायचा. पण ज्या उतारावर ॲक्स खरोखर कामाला लागेल, म्हणजे घसरलात तर तिच्यावाचून थांबणार नाही, तो उतार कुत्र्याचा नाही. त्याची नखं मऊ बर्फात चालतात, कडक बर्फात नाहीत, आणि घसरल्यावर स्वतःला थांबवायचं साधन त्याच्याकडे नाही. असा टप्पा दिसला की वळा. क्रॅम्पॉन घातलेले असतील तर कुत्र्याला पायांपासून दूर ठेवा. एक चुकीचं पाऊल त्याच्या पंज्यातून आरपार जाऊ शकतं. खालच्या जंगलातल्या गोठलेल्या वाटेसाठी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर ओढून चढवायचे छोटे काटे, उत्तम, पण त्यांच्या भरवशावर तीव्र उतार घेऊ नका.

वारा पश्चिमेचा आणि जोराचा असेल, तर मी ही फेरी उलटी करतो. ग्लेनमोरहून जंगलातून पश्चिमेकडच्या खिंडीत चढायचं, तिथून माथा, मग बोथीकडे उतार. म्हणजे उघड्या धारेवर वारा पाठीशी राहतो, कुत्र्याच्या तोंडावर येत नाही.

माथ्यावर दगडांचा मोठा आडोसा आहे. ओला कुत्रा थांबला की पाचव्या मिनिटाला कुडकुडायला लागतो, म्हणून चटई आधी अंथरा, त्याला तिच्यावर बसवा, मग आपला थर्मास काढा. स्वच्छ हवेत दक्षिणेला समोर केअर्नगॉर्मचं पठार पसरलेलं दिसतं. त्या पठाराच्या कडांवर, विशेषतः नॉर्दर्न कॉरीज या उत्तरेकडच्या वाडग्यासारख्या खोल दऱ्यांच्या वर, वाऱ्याने बाहेर लोंबलेले बर्फाचे छज्जे तयार होतात, त्यांना कॉर्निस म्हणतात. वरून तो नुसता सपाट बर्फ दिसतो आणि तुटतो तेव्हा वाटतं त्याहून बराच मागून तुटतो. वास घेत कडेला जाणं हा कुत्र्याचा स्वभावच. धुक्यात तर आकाश आणि बर्फ एकच होतात. म्हणून अशा कडांच्या डोंगरावर मी कुत्रा नेतच नाही. इतरत्रही कडा जवळ यायच्या बऱ्याच आधी पट्टा आखूड करावा.

कुत्रा घसरून खाली गेलाच, तर त्याच्यामागे उतरू नका. आधी स्वतः पक्क्या जागी उभे राहा, मग तिथपर्यंत जायला वळसा घालून सुरक्षित वाट आहे का ते बघा.

थंडी भरल्याची चिन्हं

पंजे आळीपाळीने उचलणं, शेपूट आत घेणं, पाठ कमानीसारखी करणं, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहणं, नेहमी पुढे असणाऱ्याने तुमच्या पावलांत पाय टाकत मागून येणं, आवडीचा खाऊ नाकारणं. यातलं एकही दिसलं की माथा विसरा. कुडकुडणं वाईट, पण कुडकुडणं थांबून कुत्रा मंद होणं त्याहून फार वाईट. कुत्र्याचं अंग निरोगी असताना ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ३७ च्या खाली ते धोक्यात जातं. बोथी बॅगमध्ये शिरा, त्याला पुसून कोरडं करा, चटईवर घेऊन तुमच्या जाकिटात अंगाशी धरा, शुद्धीवर असेल तर खाणं द्या, आणि चालू शकत असेल तर सगळ्यात आडोशाच्या वाटेने खाली. वीस-पंचवीस किलोचा कुत्रा हातांत उचलून बर्फातून उतरवणं जवळपास अशक्य आहे. पाठीवर अडकवायची खास झोळी मिळते, ती पिशवीच्या तळाशी ठेवा.

कुत्र्यामुळे तुम्ही अडकलात तर अंधार पडायची वाट न बघता ९९९ किंवा ११२ लावा. आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. या पथकांतले बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत आणि सुटकेचे पैसे घेतले जात नाहीत. बोलण्याइतकी रेंज नसेल तर ९९९ ला एसएमएस जातो, पण त्यासाठी आधी घरूनच "रजिस्टर" हा शब्द इंग्रजीत त्याच क्रमांकावर पाठवून नोंदणी करावी लागते. शिट्टीचा संकेत एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. तीन शिट्ट्यांचं उत्तर आलं तरी लोक पोहोचेपर्यंत वाजवत राहायचं. हिमस्खलनाखाली सापडलेल्यांना शोधणारे कुत्रेही इथे आहेत. हॅमिश मॅकइनस या गिर्यारोहकाने ग्लेन कोमध्ये ही सुरुवात केली आणि १९६५ मध्ये त्यासाठी संस्था उभी राहिली.

गाडीपाशी आल्यावर

रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असतं. कुत्रा पंजे चाटायच्या आत ते कोमट पाण्याने धुऊन, बोटांमध्ये कोरडे करा. गाड्यांच्या रेडिएटरमधलं गोठणरोधक द्रव कुठे सांडलेलं असेल तर तिकडे फिरकू देऊ नका. ते चवीला गोड असतं आणि थोडंही जीवघेणं ठरतं. ओलं जाकीट लगेच काढा, टॉवेलने पोट आणि काखा पुसा, कोरडी गोधडी द्या.

संध्याकाळी पंजांच्या गाद्या दाबून बघा: कडक बर्फाच्या कपच्यांनी झालेल्या बारीक चिरा केसांत दिसत नाहीत, बोटाला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठताना कसा उठतो, ते बघा. शेपूट मुळाशी लोळागोळा झालेली असेल किंवा एखादा पाय टेकवत नसेल, तर पशुवैद्याला फोन करा आणि पुढचा डोंगर दोन आठवडे पुढे ढकला.